शिलाई उचित

अक्कांना शिलाई मशीन मिळालं तेव्हा मी निवडणूक कचेरीच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, टुणकन उडी मारली. तशी अक्कांच्या घरी मशिनांना तोटा नव्हता, पण हे मशीन चित्रातलं होतं. अपक्ष उमेदवाराला आयोगाच्या यादीतलं एखादं चिन्ह मिळतं. कुणाला छत्री, कुणाला पतंग, कुणाला नारळ. शिलाई मशीन आणखी एका अपक्षानेही मागितलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि आमची निघाली. चामराजपेटेत शिवणाचा क्लास चालवणाऱ्या बाईला प्रचारासाठी शिलाई मशीनच मिळावं, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! अक्का मात्र शांतपणे पदर सारखा करत म्हणाल्या, "बरं झालं गे. नारळ आला असता तर लोक म्हणाले असते, हिच्या हातात आधीच नारळ दिला."

मी तेव्हा नुकतीच पंचविशी गाठलेली, पुण्यात वाढलेली आणि एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून बंगलोरला आलेली. अक्कांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. अक्कांचं घराणं शिंप्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरात मुरलेलं. घरात मराठीच बोलत, पण ती अशी की पहिल्या आठवड्यात मला त्यातलं निम्मंच कळे. 'स्वल्प थांब गे' म्हणजे थोडं थांब, 'सरी, सरी' म्हणजे बरं, बरं, असं सगळं चालायचं. अक्कांचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, चिकपेटेत कटपीसचं दुकान चालवत आणि घरी आले की एकच शब्द बोलत: 'साकु', म्हणजे पुरे. भात साकु, आमटी साकु, तुमच्या गप्पा साकु.

नव्वदच्या दशकातली ती विधानसभेची निवडणूक होती. आयोगाने नुकतेच दात दाखवायला सुरुवात केली होती. कायदे जुनेच होते, पण आता कुणीतरी ते पाळायला लावत होतं. विनापरवाना भिंत रंगवली की नोटीस, मिरवणुकीच्या मागे व्हिडिओ कॅमेरा, उमेदवाराने रोजचा खर्च रोज लिहायचा, आणि या सगळ्यावर नजर ठेवायला बाहेरच्या राज्यातून आलेला निरीक्षक. खर्चाची मर्यादा ओलांडली तर निवडून आलेला माणूसही घरी बसू शकतो, हे वाचून मला कोण आनंद झाला होता! पुण्यात असताना राजकारण म्हणजे चहाबरोबर तोंडी लावायची गोष्ट. इथे ते आमच्या जिन्याखाली येऊन बसलं होतं.

ते आलं झेंड्यांच्या निमित्ताने. एका मोठ्या पक्षाचा माणूस, पांढऱ्या सफारीतला, क्लासात येऊन झेंड्यांची भलीमोठी ऑर्डर देऊन गेला. क्लासातल्या पोरी खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि म्हणाला, शिवा सगळे, पण बिल निम्म्यांचंच करा. सगळे झेंडे कागदावर आले तर आमच्या साहेबांचा खर्च मर्यादेबाहेर जातो.

"आणि बाकीच्या निम्म्या झेंड्यांना काय आपोआप टीप पडली?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, सगळेच असं करतात."

"मग त्या सगळ्यांकडूनच शिवून घ्या."

तो गेला, ऑर्डर गेली, पोरींचे चेहरे पडले. संध्याकाळी अण्णा जेवायला बसले तेव्हा अक्का दिवसभर खदखदत होत्या त्या उसळल्या. खोटं बिल मागायला माझ्याच घरी यायचं आणि मग माझंच मत मागायचं? उद्या मीच अर्ज भरते! अण्णा म्हणाले, साकु. मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या असतील, रात्रीतून निवेल. सकाळी बघते तर अक्का नवी इरकल नेसून, अनामत रकमेचं पाकीट काखोटीला मारून दारात उभ्या, आणि मला हाक मारताहेत, "चल गे, इंग्रजी कागद वाचायला कोण आहे मला?"

झालं, मी त्यांची कायदेमंत्री झाले. ऑफिसातून आले की आयोगाची पुस्तिका घेऊन बसायची, एकेक कलम मराठीत सांगायची, आणि अक्का काजं करता करता ऐकायच्या. एक दिवस आम्ही त्या प्रसिद्ध कलमापाशी आलो. पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चात धरायचा नाही, असं तेव्हा त्यात लिहिलेलं होतं.

"म्हणजे त्यांच्या पक्षाने मोटारी फिरवल्या तर त्या त्यांच्या नावावर नाहीत?"

"नाहीत."

"मित्राने फिरवल्या तर?"

"उमेदवाराने सांगितलेलं नसलं तर त्याही नाहीत."

"आणि मी माझ्या पोरींना चहा पाजला तर?"

"तो लिहायचा, अक्का."

अक्कांनी सुई थांबवली. "हा कायदा काही शिंप्याने बेतलेला नाही गे. पुढून गळ्यापर्यंत बटणं आणि पाठ सगळी उघडी." मी इतकी हसले की अण्णा आतून साकु म्हणाले.

तर, चिन्ह मिळालं त्या दिवसाची गोष्ट. चिन्हवाटप झाल्यावर सगळ्या उमेदवारांना खर्चाचे नियम समजावून सांगायला कचेरीत थांबवून घेतलं. अक्का आत बसल्या. मला बाहेर दम निघेना. पत्रकं छापायची होती, दिवस थोडे होते, आणि मजकूर माझ्या पर्समध्ये तयार होता. तोही कानडीत! मी रोज बसमध्ये पाट्या वाचून वाचून कानडी लिपी शिकले होते, आणि त्या विद्येचा मला भयंकर गर्व झाला होता. वर अक्कांचं नाव, मध्ये मशिनाचं चित्र, खाली रस्ता, पाणी, गटार यांबद्दल दोन ओळी क्लासातल्या एका पोरीने लिहून दिलेल्या, आणि तळाशी माझी स्वतःची, खास सुचलेली घोषणा. मराठीत मी ती अशी जुळवली होती: काम चोख, शिलाई उचित. कानडीत चोखला चोक्क म्हणतात, कामाला केलस, शिलाईला होलिगे. आणि उचित तर उचितच. 'केलस चोक्क, होलिगे उचित.' काय ठेका होता! दोन भाषा सख्ख्या बहिणी असल्याचा साक्षात पुरावाच जणू मी घेऊन निघाले होते.

चामराजपेटेत छापखान्यांची कमी नाही. ओळखीच्या छापखानेवाल्याने मजकूर वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि मला विचारलं, "होलिगे उचितना?"

"होदु! उचित!" मी ठणकावून म्हणाले. होदु म्हणजे होय.

"एल्लारिगू?"

म्हणजे सगळ्यांना? मी म्हटलं, अर्थात, सगळ्यांना. अक्का काय माणूस बघून दर लावतात की काय! त्याने भक्तिभावाने हात जोडले आणि म्हणाला, सरी. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव असलंच पाहिजे असा कायदा आहे; ते मी पुन्हा पुन्हा तपासलं. वरचा मजकूर कुणाला दाखवावा हे काही डोक्यात आलं नाही. अक्का कचेरीतून सुटून घरी येईपर्यंत क्लासातल्या पोरींनी एकूण एक मेन रोड आणि एकूण एक क्रॉस, म्हणजे आडवा रस्ता, पालथा घातला होता. अक्का दमून आल्या, जेवल्या आणि झोपल्या.

सकाळी मी दात घासत सज्जात आले तर खाली बायकांची ही रांग! क्लासाच्या दारापासून कोपऱ्यावरच्या दुधाच्या बूथपर्यंत. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात पिशवी, सगळ्या उत्साहाने बोलताहेत. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून ओरडले, "अक्का! लाट आली, लाट!"

अक्का खाली गेल्या. मीही धावले. रांगेत सगळ्यात पुढे देवळाजवळ फुलं विकणाऱ्या बाई होत्या. आवाज असा की मोगरा म्हटलं तरी भांडण वाटावं. त्यांनी पिशवीतून ब्लाउजपीस काढून अक्कांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, माप जुनंच आहे, दंड थोडा सैल घ्या, देवाच्या उत्सवाआधी द्या.

"आगाऊ?" अक्कांनी नेहमीच्या सवयीने विचारलं.

"कसलं आगाऊ? फुकट ना?"

"फुकट कोण म्हणालं?"

"तूच म्हणालीस!" आणि बाईंनी कमरेला खोचलेलं पत्रक काढून अक्कांच्या नाकासमोर धरलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण शेजारणीने वाचून दाखवलेलं पक्कं ध्यानात होतं. "होलिगे उचित!"

अक्कांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "काय लिहिलंस गे हे?"

"शिलाई उचित. म्हणजे योग्य. वाजवी."

"तुझ्या पुण्यात वाजवी. इथे उचित म्हणजे फुकट!"

पुस्तकी कानडीत उचितचा अर्थ योग्य असाही होतो, हे मला नंतर एका प्राध्यापकांनी सांगितलं. पण चामराजपेटेतल्या रस्त्यावर पुस्तकी कानडी कोण बोलणार? साबणावर वाटी उचित, चहापुडीवर चमचा उचित. मी उमेदवाराच्या नावाने, चिन्हासकट, अख्ख्या पेटेला ब्लाउज फुकट शिवून देण्याचं आश्वासन दिलं होतं. तोंडातली पेस्ट माझ्या घशाखाली गेली.

कायदेमंत्री मीच असल्यामुळे हे म्हणजे काय ते मलाच सगळ्यात आधी कळलं. मतदाराला फुकट काही देणं म्हणजे लाच. एका बाईचा एक ब्लाउज जरी अक्कांनी फुकट शिवला असता तर खटला झाला असता, आणि तो लागला की निवडणूक लढवायला बंदी. आणि अक्का उभ्या राहिल्या होत्या त्या नेमक्या कशासाठी, तर खोटं बिल करणार नाही म्हणून. पेटेत बोभाटा झाला असता की झेंड्यांचं बिल नाकारणारी बाई स्वतः ब्लाउज वाटत फिरते. दुसरा रस्ता एवढाच की रांगेतल्या प्रत्येकीला तोंडावर सांगायचं, पैसे पडतील. म्हणजे मतं गेली.

अक्कांनी फार विचार केला नाही. कटिंगच्या टेबलाजवळचं स्टूल बाहेर आणवलं, त्यावर चढल्या आणि खणखणीत कानडीत म्हणाल्या, "पत्रकात चूक झाली आहे. शिलाई नेहमीचीच. निम्मी आधी, निम्मी ब्लाउज नेताना. ज्यांना पटेल त्यांनी थांबा."

जो काय गलका उडाला! कुणी म्हणालं, निवडून यायच्या आधीच शब्द फिरवला, आल्यावर काय करेल? कुणी पत्रकाची पुडी करून पोराच्या हातात दिली. निम्मी रांग तिथल्या तिथे मोडली. फुलवाल्या बाई मात्र हलल्या नाहीत. अक्कांच्या हातासारखी काखेची कटिंग पेटेत दुसऱ्या कुणाची नाही, हे त्यांनी शिव्यांच्या अधूनमधून कबूल केलं, कनवटीच्या नोटा काढल्या आणि कंजूष, चिकट, दुड्डु अक्का अशी बिरुदं बहाल करून आगाऊ पैसे टेबलावर आपटले. दुड्डु म्हणजे पैसा. त्यांचं बघून बाकीच्याही एकेक पुढे आल्या.

कापडं घेता घेता माझ्या लक्षात आलं. सगळे तुकडे एकच! पोपटी रंग, जांभळा काठ. टेबलावर पोपटी ढीग वाढत चालला. अक्कांनी एक तुकडा दोन बोटांत चोळला आणि म्हणाल्या, चिकपेटेतला ठोकातला माल, एकाच लॉटमधला. फुलवाल्या बाईंना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. घरी आले होते, म्हणाल्या, बायका घेऊन आले होते बरोबर. हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि साडी दिली, हा तिच्याबरोबरचाच पीस. कोण आले होते ते त्यांनी हाताने झेंडा हलवल्याची खूण करून सांगितलं. झेंडा कुणाचा हे विचारायची गरज नव्हती.

मी अक्कांना कोपऱ्यात ओढलं. माझा आवाज आनंदाने चिरकला होता. "अक्का, पुरावा! अख्खा ढीग पुरावा! निरीक्षकाला आत्ता फोन करते."

"गप बस गे. गिऱ्हाइकाचं कापड आहे ते."

फोन करायची गरजही पडली नाही. सफारीवाल्याच्या हातात आमचं पत्रक पडलं होतं, आणि त्यानेच तक्रार ठोकली. पुढच्या दोन दिवसांत पांढरी अँबॅसिडर आमच्या क्रॉसवर येऊन उभी राहिली. त्यातून निरीक्षक उतरले, बिहारकडचे, उंच, घामाने भिजलेले. बरोबर कचेरीतला कारकून, खांद्यावर कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला, आणि मागच्या स्कूटरवरून आमचा सफारीवाला. क्लास भरलेला होता. काही बायका ब्लाउजची ट्रायल घ्यायला आल्या होत्या, फुलवाल्या बाईही होत्या. साहेबांना कानडी येत नव्हती, अक्कांना हिंदी जेमतेम. मला दोन्ही येतात असं मी जाहीर केलं आणि दुभाषी होऊन मध्ये उभी राहिले.

सफारीवाल्याने पत्रक पुढे केलं आणि तळच्या ओळीवर बोट आपटलं. "सर, देखिए! लिखा है, होलिगे उचित!"

"होलिगे माने?"

"सिलाई, सर. सिलाई उचित!"

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "सिलाई उचित लिखा है, तो इसमें अनुचित क्या है?"

मला हसू आवरेना. सफारीवाला ओरडतोय, सर, उचित, उचित! आणि साहेब म्हणताहेत, हां भई, उचित, समझ गया. एवढ्या मोठ्या शहरात माझ्यासारखा अर्थ लावणारा एक तरी माणूस निघाला! शेवटी कारकुनाने खाकरून सांगितलं की सर, इथे उचित म्हणजे मुफ्त. साहेबांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी क्लासावरून नजर फिरवली आणि म्हणाले, या बायकांनाच विचारू. यांच्यापैकी कुणाचं काम फुकट झालं आहे?

मी कानडीत प्रश्न केला. एकीने जरी, गंमत म्हणून किंवा परवाच्या रागाने, हो म्हटलं असतं तरी अक्कांचा खेळ संपला होता. आणि मग फुलवाल्या बाईंना कंठ फुटला.

"फुकट? ही देणार फुकट? अहो, हिने माझ्याकडून अर्धी शिलाई आधी घेतली, आणि अस्तराचे वेगळे लावले! पत्रकात लिहिते उचित आणि दारात मागते दुड्डु! सख्ख्या बहिणीला सोडणार नाही ही बाई. चिकट! महाचिकट!"

एकेक शिवी मी साहेबांना हिंदीत करून देत होते, आणि असं भाषांतर मी जन्मात केलं नाही. मधाच्या धारेसारखं तोंडातून येत होतं. बाकीच्याही पेटल्या. हुकांचे वेगळे घेते. उधारी ठेवत नाही. नवऱ्याच्या दुकानातलं अस्तर आमच्या गळ्यात मारते. अक्का मान खाली घालून ऐकत होत्या आणि जितक्या शिव्या पडत होत्या तितक्या त्या सुटत होत्या. साहेब हसायला लागले. "बस, बस," ते म्हणाले, "मुफ्त तो यहाँ कुछ भी नहीं है." कारकुनाने तसं लिहून घेतलं. मी मनातल्या मनात दुसऱ्यांदा टुणकन उडी मारली.

जाता जाता साहेबांची नजर टेबलावर गेली. ते थांबले. पोपटी ढीग. त्यांनी एक तुकडा उचलला, दुसरा उचलला, मग सफारीवाल्याकडे बघितलं. सगळ्यांचं कापड एकसारखं कसं? हे आलं कुठून?

माझ्या जिभेवर उत्तर नाचत होतं. सफारीवाला मात्र कायद्याला माझ्यापेक्षा जास्त सरावलेला. "सर, आमच्या साहेबांचे चाहते खूप आहेत," तो म्हणाला. "कुणी हौसेने वाटलं असेल. आम्ही कुणाला सांगितलेलं नाही." उघड्या पाठीतून तो असा सहज निसटला.

साहेबांनी अक्कांना विचारलं, या बायकांना कुणी दिलं, तुम्हाला माहीत असेल. अक्कांना माहीत होतं. सांगितलं असतं तर समोरच्या उमेदवाराच्या मागे चौकशी लागली असती. बायका पदर पुढे ओढून भिंतीला टेकल्या होत्या, फुलवाल्या बाईसुद्धा पहिल्यांदाच गप्प.

"साहेब," अक्का म्हणाल्या, "शिंपी माप विचारतो. कापड कुठून आणलं हे विचारत नाही."

मी ते तसंच्या तसं हिंदीत सांगितलं, दात ओठ खात. गाडी गेल्यावर मी अक्कांवर तुटून पडले. तोंडाशी आलेला घास तुम्ही टाकलात! अक्का कैची घासत शांतपणे म्हणाल्या, "देणाऱ्याइतकंच घेणाऱ्यालाही धरतात, हे तूच मला वाचून दाखवलंस ना? देणारा चाहता, तो कुणाला सापडायचा नाही. ह्या बायका सापडतील. ह्यांची नावं लिहून देऊ?" वाचून दाखवलं होतं खरं. पण राग गेला नाही, हेही खरं.

राग टिकला मात्र संध्याकाळपर्यंतच, कारण संध्याकाळी गोष्ट पेटेभर झाली. मतदारांकडून पैसे घेणारी उमेदवार! बंगलोरात असं कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही पत्रकं वाटत क्रॉसवरून निघालो की दारादारातून हाका येत, "दुड्डु अक्का, या, बसा!" परवा रांग मोडून गेलेल्या बायका हसत परत आल्या. हॉटेलवाल्याने आम्हाला कॉफी पाजली आणि पैसे घेतले, म्हणाला, तुम्हाला फुकट देणं कायद्याने चालायचं नाही. कोपऱ्यावरचा रिक्षावाला मला बघून ओरडायचा, "मॅडम, मीटर उचित!" मी ऑफिसात रजा टाकली. पायाला भिंगरी लागल्यासारखी हिंडत होते. अण्णासुद्धा एक दिवस दुकान लवकर बंद करून आमच्याबरोबर चिकपेटेतल्या दुकानांतून फिरले आणि साकु म्हणायचं विसरले. आपण जिंकतोय याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मतदानाच्या दिवशी आमच्या क्रॉसवरच्या शाळेत बायकांची रांग लागली, आणि त्यात ठिकठिकाणी पोपटी ब्लाउज! सगळे अक्कांच्या हातचे, एकाचीही काख ओढलेली नाही. फुलवाल्या बाई रांगेतून मला हात करून हसल्या. मी रस्त्याच्या पलीकडून दोन्ही हात हलवले.

मोजणीच्या दिवशी टेबलांवर मतपत्रिकांचे गठ्ठे लागत गेले. पहिल्या पेट्यांत मशिनावर शिक्के दिसत नव्हते तेव्हा मी म्हटलं, आपला भाग अजून यायचाय. मग आपला भाग आला. आमच्या शाळेच्या पेटीतूनही झेंडेवाल्यांचाच गठ्ठा फुगत राहिला, आणि आमचा एका रबरबँडमध्ये मावून वर रबर सैल पडलं. अनामतसुद्धा गेली. मी तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसून हमसाहमशी रडले. अक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, चल, घरी शिवण पडलंय.

खर्चाचा हिशेब मुदतीत नेऊन दिला. निरीक्षकांनी आमच्या क्लासात जे पाहिलं त्याचा अहवाल पाठवला असेल. त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी समजलं नाही.

आठवड्याभराने फुलवाल्या बाई ब्लाउज न्यायला आल्या. उत्सवाचा आणखी एक शिवायला टाकला होता. राहिलेली शिलाई त्यांनी न मागता दिली. बाहेरच्या प्रकाशात ब्लाउज उलटसुलट करून बघितला, टीप ताणून बघितली आणि खूश झाल्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, "अज्जी, मत कुणाला दिलंत?"

"झेंड्याला," त्या म्हणाल्या. लपवाछपवी नाही, ओशाळणं नाही.

"पण तुम्ही तर... साहेबांसमोर अक्कांच्या बाजूने..."

"बाजू कसली? पैसे घेतले होते तिने, म्हणून घेतले म्हटलं." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटत होतं. "त्यांनी हळदकुंकू लावून, नारळ ओटीत घालून साडी दिली. मी पदर पसरून घेतली. मग मत दुसऱ्याला देऊ? हिची शिलाई बुडवली का मी कधी? मग त्यांचं मत कसं बुडवू?"

त्या ब्लाउज पिशवीत टाकून, अक्कांना नमस्कार करून गेल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. एवढी तोंडाची तिखट बाई, आणि एका पोपटी साडीपुढे अशी गरीब गाय होते? मी अक्कांसमोर जाऊन काय काय बोलले. बावळट म्हणाले, लाचखाऊ म्हणाले.

अक्कांनी मशिनाच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"तसं बोलू नकोस गे तिला. लबाड बाईला साडी देऊन कुणाचा काय फायदा? ती घेईल आणि मत देईल भलत्यालाच. ही खरी आहे, म्हणून तर साड्या वाटतात."